साडेसहाशे पानं आणि एक चिटबॉय

प्रिय,

सहकारी साखर कारखान्याच्या राजकारणावरच्या त्या साडेसहाशे पानांच्या कादंबरीवरून तू लिहिलेल्या पटकथेचा ड्राफ्ट मिळाला. दोनशे अकरा सीन! चष्मा पुसून पुन्हा मोजले, तितकेच भरले. कादंबरीतल्या तीन पिढ्या, कारखान्याच्या चार निवडणुका, पक्षातली फूट, तो खून, सुनेचं माहेरी निघून जाणं, सगळं आलंय. तुझं त्या पुस्तकावर किती प्रेम आहे हे पानोपानी कळलं. सिनेमा मात्र मला कुठे दिसला नाही.

रागावू नकोस. माझ्या पहिल्या मोठ्या कामात मीही हेच केलं होतं. एकशे ऐंशी पानांचा ड्राफ्ट घेऊन लेखकाच्या घरी गेले. त्यांनी तो आठवडाभर ठेवून घेतला आणि परत देताना म्हणाले, "बाई, छान गाइड झालंय. दहावीला लावा." तो सिनेमा शेवटी झालाच नाही, पण ते वाक्य मला अजून पुरतंय.

लांब राजकीय कादंबरी हातात आली की आपण आधी कात्री उचलतो. हे उपकथानक गाळू, त्या दोन मंत्र्यांचा एक करू, वगैरे. कापाकापी करावी लागणारच, पण ती नंतरची गोष्ट. आधी एक माणूस शोधायचा. सत्ता ज्याच्या अंगावरून जाते आणि ज्याला ती जाताना कळते, असा. मी त्याला साक्षीदार म्हणते.

'सिंहासन' तू पाहिला आहेसच, पण आता लिहिणारी म्हणून पुन्हा बघ. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या, आणि त्यावरून १९७९ साली जब्बार पटेलांचा एक सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची. मुख्यमंत्री, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, आमदारांची ये-जा, एवढा पसारा. तो कोसळत नाही याला माझ्या मते कारण दिगू टिपणीस, निळू फुल्यांनी केलेला पत्रकार. गंमत म्हणजे सगळं काही दिगूसमोर घडत नाही. कितीतरी सीनमध्ये तो नसतोच. पण आपल्याला त्याची सवय लागलेली असते. एखादी सौदेबाजी बघताना मनात येतं, हे दिगूला कळेल का, आणि कळलं तरी तो काय करणार? त्याला सगळं ठाऊक असतं आणि त्या ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग नसतो. शेवटी तो रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्यात जे राजकीय विधान आहे, ते कुठल्याही पात्राच्या तोंडी घातलं असतं तर लोकांनी जांभया दिल्या असत्या.

दुसरं उदाहरण 'तमस'. भीष्म साहनींची कादंबरी, फाळणीच्या आधीचा पंजाब, आणि गोविंद निहलानींनी १९८८ मध्ये दूरदर्शनसाठी केलेलं रूपांतर. कातडी कमावणाऱ्या नत्थूला डुक्कर मारायला सांगतात, डॉक्टरला हवंय म्हणून. सकाळी ते मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं आणि दंगल पेटते. पुस्तक पुढे गावोगाव पसरतं आणि त्या गर्दीत नत्थू मागे पडतो. कागदावर ते चालतं, कारण निवेदकाचा आवाज आपल्याला धरून ठेवतो. पडद्यावर निवेदक नाही. म्हणून निहलानींनी नत्थू आणि त्याची बायको कर्मो यांना लांबपर्यंत सोबत ठेवलं. आता शहरातली प्रत्येक आग आपण अशा माणसाबरोबर बघतो, ज्याला आतून कुरतडतंय की हे माझ्या हातून सुरू झालं. लेखकाला हा फरक मानवला असावा, कारण त्यात हरनामसिंगची भूमिका खुद्द साहनींनीच केली आहे.

दिगू आणि नत्थू दोघेही नुसते बघे नाहीत, हे लक्षात घे. दोघांनाही बघण्याची किंमत मोजावी लागते. कोपऱ्यात उभा राहून व्हॉइसओव्हर देणारा साक्षीदार नको. तसले मी पुष्कळ पाहिलेत, एकाचाही चेहरा आठवत नाही.

मग तुझ्या कादंबरीत असा कोण आहे? तू चेअरमनच्या नातवाला नायक केलंयस. पुण्यात शिकलेला, हळवा, आपल्यासारखा! तिथेच घोळ झाला. त्याला सगळं जेवणाच्या टेबलावर कळतं, त्यामुळे तुझा अर्धा सिनेमा जेवणाच्या टेबलावर बसून आहे. मला तो चिटबॉय दिसला, कुणाचा ऊस कधी तोडायचा याची कारखान्याची चिठ्ठी शेतकऱ्याला पोचवणारा पोरगा. तुमच्याकडे स्लिपबॉय म्हणत असतील. पुस्तकात त्याला जेमतेम वीस पानं आहेत. पण ती चिठ्ठी तोच घेऊन येतो. विरोधी पॅनेलला मत दिलेल्या शेतकऱ्याच्या उसाला तोड का मिळत नाही, हे त्याला माहीत असतं, आणि शिव्या त्यालाच खाव्या लागतात. ऊस उभ्या उभ्या वाळतो, तुरा येतो, वजन घटतं. कुणी कुणाला धमकी दिलेली नाही, कागदावर काही नाही, फक्त तोडणी मजुरांची टोळी पुढच्या आठवड्यात येणार आहे. दर आठवड्याला पुढच्याच आठवड्यात. सहकारातलं राजकारण याहून स्वच्छ कसं दाखवणार? आणि त्याच्या मामाचाच ऊस त्या यादीत असेल तर? पुस्तकात असं नाही. तू घाल. अशी भर घालायला घाबरू नकोस, मात्र ती पुस्तकाच्या स्वभावातून यायला हवी.

चिटबॉय धरलास की काळाचा प्रश्नही सुटतो. पस्तीस वर्षं दाखवायची गरज उरत नाही, एक गळीत हंगाम पुरतो. गाळप सुरू करताना गव्हाणीत उसाची पहिली मोळी कुणी टाकायची यावरून धुसफूस, तिथपासून हंगाम संपून टोळ्या गावी परततात तिथपर्यंत. आजोबांचा काळ फ्लॅशबॅकमध्ये नको. कारखान्याच्या दारात त्यांचा पुतळा आहे ना? शुभारंभाच्या आदल्या दिवशी तो धुणारा माणूस दाखव आणि तो पुतळ्याशी काय बोलतो ते लिही. पहिली पिढी तिथे आटपली.

भाषणांविषयी. तुझ्या ड्राफ्टमध्ये नऊ आहेत. कादंबरीकार भाषण देतो आणि शेजारी एक तिरकस विशेषण ठेवतो, की वाचक सावध होतो. कॅमेऱ्याकडे विशेषण नसतं. चांगला नट क्लोजअपमध्ये तेच भाषण करेल आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून त्याच्या बाजूला जातील, तुला तो खलनायक वाटत असला तरी. एकच भाषण ठेव, तेही कर्ण्यातून लांबून ऐकू येऊ दे. कॅमेरा ट्रॅक्टरमधून आणलेल्या माणसांवर हवा, वडापावच्या पुड्यांवर, किती वाजता सोडणार म्हणून विचारणाऱ्या म्हातारीवर.

तुझा चेअरमन कोण आहे हे मी चौथ्या पानावर ओळखलं. टोपी, बोलण्याची लकब, गाडीचा रंग, सगळं तेच. प्रेक्षकही ओळखतील आणि मग दोन तास ओळखपरेडच खेळतील. लकबी काढून टाक. भीतीपोटी नव्हे, तर तुझं पात्र त्या खऱ्या माणसाहून हुशार व्हायला हवं म्हणून.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण फोनवर तू हा विषय दोनदा टाळलास. लेखिकेशी करार झालाय का? तोंडी होकार म्हणजे करार नव्हे. आपल्या कॉपीराइट कायद्यात, मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते धरतात, आणि वेगळं ठरलं नसेल तर वर्षभरात न वापरलेले हक्क परतही जातात. शिवाय हक्क विकले तरी कृतीचा विपर्यास झाला म्हणून लेखक दाद मागू शकतो. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी'वरच्या सिनेमाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे स्पष्ट केलं होतं. तेव्हा मामाचा ऊस घालण्याआधी बाईंकडे जा, चहा घे आणि त्यांना सांग.

सेन्सॉरची धास्ती ड्राफ्टमध्ये आणू नकोस. तू दोन ठिकाणी स्वतःच बीप घातलाय! ते काम करायला पगारी माणसं आहेत. अडचणी खऱ्या आहेत, नाही कशाला म्हणू? २०२१ मध्ये अपिलाचं न्यायाधिकरण बंद झालं, आता थेट उच्च न्यायालयात जावं लागतं आणि त्यात वेळ नि पैसा दोन्ही जातो. पण 'तमस'वर बंदी मागितली गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आधार घेतला तो नागपूरच्या जुन्या निकालातल्या न्या. व्हिव्हियन बोस यांच्या कसोटीचा. शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, कणखर, धीट माणसाच्या नजरेने, जिथे तिथे धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनाच्या नजरेने नव्हे. तू त्या पहिल्या माणसासाठी लिही.

दुसरा ड्राफ्ट दिवाळीनंतर पाठव, त्याआधी नको. तोवर हंगाम सुरू झालेला असेल. कुठल्या तरी कारखान्याच्या वजनकाट्यावर एक अख्खी रात्र काढ, बैलगाड्यांच्या रांगेत. कोण कुणाच्या पुढे जातो आणि कुणीच तक्रार का करत नाही, एवढंच बघ. वही काढू नकोस, लोक गप्प होतात. पहाटे चारच्या सुमाराला कडाक्याची थंडी असते, शाल ने.

तुझी,
ताई