अक्षरफलक तुझ्या सोयीनं मांड

बोलता किंवा हातानं लिहिता येत नसताना पापणीच्या खुणेनं लिहायचं, तर सुरुवात अक्षरफलकापासून कर, म्हणजे अक्षरं ओळींत मांडलेल्या पाटीपासून. तो क ते ज्ञ असा लावू नकोस. आ, र, त, न, य सतत लागतात, ते वरच्या ओळीत घे; ङ आणि ञ अगदी तळाशी. मदतनीस आधी ओळ विचारेल, मग अक्षर, मग काना-मात्रा. होकाराला पापणीची एक उघडझाप पुरे. फ्रेंच पत्रकार ज्याँ-दोमिनिक बोबी यांनी १९९५च्या पक्षाघातानंतर फक्त डाव्या पापणीनं अख्खं पुस्तक सांगितलं, तेही अशाच वापरानुसार लावलेल्या अक्षरांवर.

मला फार उशिरा कळलेली गोष्ट: वाक्य मनात पूर्ण घोळवून मगच सांगायला घे. मदतनिसानं एखादा शब्द ओळखून पुरा केला तर चालेल, वाक्य मात्र करू देऊ नकोस. ते तुझंच आहे. दमलीस की थांब, अर्ध्या ओळीवरसुद्धा.