सलूनवाल्यानं कटिंग नाकारली, पोलिसांनी एनसी घेतली, आता पुढं काय?

दादा, तुमचा मेसेज वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांना कळावं म्हणून नाव-गाव गाळून आधी थोडक्यात सांगते. परभणी-हिंगोली पट्ट्यातलं गाव, तुम्ही मातंग समाजाचे, चाकणला कंपनीत कामाला, दिवाळीला घरी आले आणि चौकातल्या सलूनमध्ये कटिंगला गेले. सलूनवाला म्हणाला, तुमची इथं होत नसते, तुमची केली तर बाकीचे येत नाहीत, तालुक्याला जावा. तुम्ही विचारलं का म्हणून, तर बाहेर बाकड्यावर बसलेल्या पोरांपैकी एकानं जातीचं नाव घेऊन घाण शिवी दिली आणि औकात काढली. मित्रानं मोबाईलवर शूटिंग केलं, पण ते मधूनच सुरू होतं, आणि तुम्ही पण रागात एक शिवी हासडलेली त्यात येते. त्याच संध्याकाळी पोलीस स्टेशनला गेले तर एनसीची चिठ्ठी हातात दिली आणि वर सांगितलं की गावातच राहायचंय ना, मिटवून घ्या. आता तंटामुक्तीचे अध्यक्ष पाचशेच्या स्टॅम्पवर सही मागतेत, आणि शिवी देणारा ज्या घरचा त्याच घरी तुमचे वडील सालगडी, उचल घेतलेली, म्हणून वडील म्हणतेत सोडून दे.

पहिलं म्हणजे स्टॅम्पवर सही करू नका. मसुद्याचा फोटो तुम्ही पाठवला ते बरं केलं. त्यात दुसऱ्या ओळीत लिहिलंय, "गैरसमजातून शाब्दिक वाद झाला, जातीवाचक काहीही बोलणे झालेले नाही." बाकी सगळा मजकूर सलोख्याचा, गावाच्या एकोप्याचा, पण खरी मेख या एका ओळीत आहे. उद्या केस उभी राहिली की समोरचा वकील उलटतपासणीत हाच कागद तुमच्या हातात देणार आणि विचारणार, सही तुमचीच ना? मग तुम्ही दहा वेळा सांगा की दबाव होता, ते सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. आणि कायद्यानं बघितलं तर अॅट्रॉसिटीचा गुन्हा तडजोडीनं मिटणारा नाहीच, तंटामुक्ती समितीला तो मिटवायचा अधिकार नाही. असली केस रद्द करायची तर हायकोर्टात, म्हणजे आपल्याकडं औरंगाबाद खंडपीठात जावं लागतं, आणि तिथंही कोर्ट बघतं की सही राजीखुशीची आहे का धाकाची.

आता एनसीचं. एनसी म्हणजे अदखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करणार नाहीत असा गुन्हा. तुमच्याबाबतीत हे सरळ सरळ चुकीचं आहे, आणि एका नाही तर दोन कायद्यांनी चुकीचं आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा घ्या, लोक तो विसरून गेलेत. त्यात दुकान म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत केस कापायचं सलून नाव घेऊन लिहिलेलं आहे, लाँड्रीच्या शेजारी. म्हणजे तेव्हा कायदा करणाऱ्यांना गावोगाव नेमकं काय चालतं ते माहीत होतं. अस्पृश्यतेच्या कारणावरून दुकानात सेवा नाकारली तर एक ते सहा महिने शिक्षा आणि दंड, आणि त्या कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे. वर कलम १२ असं सांगतं की नाकारलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल तर ते अस्पृश्यतेमुळंच नाकारलं असं कोर्टानं धरून चालायचं, तसं नव्हतं हे समोरच्यानं सिद्ध करायचं. शिक्षा छोटी म्हणून कुणी हा कायदा लावायला सांगत नाही, पण तुम्ही सांगा.

दुसरा कायदा तुम्हाला माहीतच आहे, १९८९ चा अॅट्रॉसिटी. त्यात २०१५ ला दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तुमच्या कामाची तीन कलमं. ३(१)(आर), लोकांदेखत अपमान करायच्या उद्देशानं हिणवणं. ३(१)(एस), लोकांदेखत जातीच्या नावानं शिवी देणं. आणि ३(१)(झेडए), ज्यात दुकानात जाण्यापासून अडवणं येतं. तिन्हीला सहा महिने ते पाच वर्षं. सगळे दखलपात्र.

पोलीस म्हणतील आधी चौकशी करतो मग बघू. २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्याच महाराष्ट्रातल्या एका केसमध्ये आधी प्राथमिक चौकशी करता येईल असं म्हटलं होतं, त्यावर देशभर केवढा गदारोळ झाला तुम्हाला आठवत असेल. मग संसदेनं त्याच वर्षी कलम १८-ए आणलं, एफआयआरसाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही असं स्पष्ट लिहिलं, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कलम वैध ठरवलं. तरी ठाण्यात आजही जुनंच गाणं चालू असतं. त्यांना नम्रपणे १८-ए दाखवायचं, आवाज चढवायचा नाही.

आता मी जे सांगणार आहे ते सगळ्यात महत्त्वाचं समजा. ह्या केसेस शेवटी कोर्टात टिकतात का पडतात ते बहुतेक वेळा एफआयआरच्या पहिल्या पानावर ठरतं. ठाण्यात तुमचा जबाब टाईप करताना हमखास एक वाक्य पडतं, "आरोपीने जातीवाचक शिवीगाळ केली." झालं. कोणती शिवी, कुणी दिली, कुणासमोर दिली, काहीच नाही. तिथं अडून बसा. जो शब्द उच्चारला तो शब्द जसाच्या तसा, कितीही घाण असला तरी, अवतरण चिन्हात लिहून घ्या. लाज वाटते बऱ्याच जणांना, आईसमोर बहिणीसमोर वाचायला लागेल म्हणून, ते मला कळतं, पण तो शब्दच पुरावा आहे. अॅट्रॉसिटीच्या कलम ४ प्रमाणं तोंडी दिलेली फिर्याद लिहून झाली की सही घ्यायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे आणि एफआयआरची कॉपी फुकट द्यावी लागते. वाचून दाखवल्याशिवाय पेनला हात लावू नका.

आणि जेवढं घडलं तेवढंच लिहा. तुमच्या मेसेजमध्ये तुम्ही लिहिलं की बाकड्यावरच्या पाचही जणांना आत घाला. शिवी किती जणांनी दिली? तुमच्याच सांगण्यावरून एकानं. बाकीचे हसले. हसणं चीड आणणारं आहे, पण पाचही जणांनी एका सुरात तीच शिवी दिली असं लिहिलं की कोर्टाला खोट्याचा वास येतो आणि मग जो खरा आहे तो पण सुटतो. शिवी देणारा आरोपी, नाकारणारा सलूनवाला आरोपी, हसणारे हजर होते म्हणून नावानिशी लिहा, पुढं तपासात काय निघतं ते बघू. सलूनवाल्याबद्दल मला खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटतं, हातावर पोट असलेला माणूस, गावातले बडे गिऱ्हाईक तुटतील या भीतीनं वागतो. पण नाकारलं त्यानंच, त्यामुळं नाव येणारच. फक्त त्याचं ते वाक्य, "तुमची केली तर बाकीचे येत नाहीत", पूर्णच्या पूर्ण येऊ द्या. जातीमुळं नाकारलं हे त्याच्याच तोंडून सिद्ध होतं, आणि त्याच्यामागं कोण उभं आहे तेही दिसतं.

तुमच्या शिवीचं टेन्शन घेऊ नका, पण लपवू पण नका. समोरचा वकील म्हणणार हे अचानक झालेलं भांडण होतं, जातीचा काही संबंध नव्हता, दोघांनी शिव्या दिल्या. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नाकारणं, मग जातीवरून शिवी, मग तुमचा राग. व्हिडिओ मधून सुरू होतो म्हणजे पहिला भाग साक्षीदाराच्याच तोंडून येणार. तुम्ही लिहिलं की मारुतीच्या पारावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले होते, दुसऱ्या समाजाचे. त्यांचं नाव जबाबात घाला, ते नंतर फिरतील का नाही याचा विचार आत्ता नको. जागेचा मुद्दा तुमच्या बाजूनं आहे. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना दिलेली शिवी लोकांदेखत होत नाही. चौकातलं उघडं सलून, समोर बाकडं, तिथं हा वाद निघत नाही. आणि तुमची जात माहीत नव्हती असंही ते म्हणू शकत नाहीत, कारण अॅट्रॉसिटीच्या कलम ८ प्रमाणं आरोपी तुमच्या घरच्यांना ओळखत असेल तर जात माहीत होती असं कोर्ट धरून चालतं. ज्या घरी वडील सालगडी आहेत त्या घरच्या पोराला जात माहीत नव्हती म्हणे!

व्हिडिओ ज्या मोबाईलवर काढला तो मोबाईल जपा, विकू नका, फॉरमॅट मारू नका. व्हॉट्सअॅपवर फिरलेली कॉपी वेगळी आणि मूळ फाईल वेगळी, कोर्टात दाखवताना नवीन साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, ते मित्राच्या नावानं होईल. आणि कृपा करून स्टेटसला टाकू नका, त्यानं केस मजबूत होत नाही, उलट गावात आग लागते आणि मग क्रॉस कम्प्लेंटला निमित्त मिळतं. क्रॉस येणारच हे धरून चाला. आपल्याकडं ही जुनी रीत आहे, इकडून अॅट्रॉसिटी गेली की तिकडून मारहाणीची नाहीतर चोरीची फिर्याद. त्यावरचा उपाय तुमच्या खिशातच आहे, ती एनसीची चिठ्ठी. लोक ती रागानं फाडून टाकतात. त्यावर तारीख-वेळ आहे, म्हणजे तुम्ही त्याच दिवशी ठाण्यात गेले होते हे पोलिसांच्याच कागदावर आहे, आणि फिर्याद उशिरा का असा प्रश्न आला की तेच उत्तर.

पुढची पायरी अशी. सगळी हकीकत लिहून एसपी साहेबांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोचपावती ठेवा, अॅट्रॉसिटीच्या नियम ५ मध्येच ही सोय दिलेली आहे. सोबत एनसीची झेरॉक्स आणि जातीचा दाखला जोडा. १४५६६ ही अत्याचाराविरोधातली राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथंही तक्रार नोंदवा. तेवढ्यानं नाही हललं तर कोर्टात अर्ज. पुण्यात झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा एफआयआर, पण करता येतो, पण तपास शेवटी इकडंच येणार, म्हणून मी तरी इथंच लावून धरायला सांगते. गुन्हा नोंदला की तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडं जातो आणि साठ दिवसांत चार्जशीट यायला पाहिजे असं नियम म्हणतो. दुसऱ्या दिवशी बेड्या पडतील अशी अपेक्षा ठेवू नका, सात वर्षांच्या आतला गुन्हा आहे, बऱ्याचदा नोटीस देऊन सोडतात. अटकपूर्व जामिनाला कलम १८ ची बंदी आहे, पण एफआयआर ढिसाळ असला की कोर्ट जामीन देतं. जामिनाच्या सुनावणीची नोटीस तुम्हाला मिळाली पाहिजे आणि तुमचं म्हणणं ऐकलं पाहिजे, तो कलम १५-ए चा हक्क आहे, सोडू नका.

वकिलाची फी हा अडथळा नाही. अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, फोन १५१००. आणि समाजकल्याणकडून अर्थसहाय्य आहे, शिवीगाळ-अपमानाच्या कलमांना एक लाख, एफआयआरला पाव भाग, चार्जशीट गेल्यावर निम्मा, शिक्षा झाल्यावर उरलेला. पैशासाठी केस केली असं गावात म्हणतील, म्हणू द्या, ते सरकारनं ठरवलेलं आहे, तुम्ही मागितलेलं नाही.

राहिले वडील. त्यांच्यावर चिडू नका. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा, ठराव झाला आणि नंतर मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, विद्यापीठाला नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. त्या वयाच्या माणसानं हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं असतं, त्यांची भीती हवेतली नाही. त्यांना एवढंच सांगा की केस तुमची आहे, फिर्यादी तुम्ही आहात. मालकानं पाडव्याच्या आधीच साल मोडलं किंवा वस्तीतल्या कुणाला कामाला बोलवायचं नाही असं सांगितलं, तर तो आर्थिक बहिष्कार, ३(१)(झेडसी), नवीन गुन्हा. आणि उचल फिटेपर्यंत दुसरीकडं जायचं नाही असं म्हणाला तर १९७६ चा वेठबिगारीचा कायदा आहे, त्यासाठी तहसीलदार-कलेक्टरकडं जायचं. मालक फोनवर काही बोलला तर कॉल रेकॉर्ड ठेवा, उचल किती घेतली, किती फिटली ते आजच वहीत लिहून घ्या, वडिलांच्या तोंडून, तारखेसकट. मालकाच्या वहीत काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

तुम्ही शेवटी विचारलं की चाकणहून तारखांना कसं यायचं, सुट्टी मिळत नाही. प्रत्येक तारखेला फिर्यादी लागत नाही, साक्षीला लागतो, तेव्हा समन्स येईल आणि ते कंपनीत दाखवता येतं. साक्षीला यायचा प्रवासखर्च, भत्ता आणि बुडालेली मजुरी अॅट्रॉसिटीच्या नियम ११ प्रमाणं मिळते, तुम्हाला पण आणि पारावरचे ते म्हातारे साक्षीला आले तर त्यांना पण. म्हणून एसटीची तिकिटं फेकू नका.