वादाच्या मंचावर जाण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पेनसिल्व्हेनियातल्या तुझ्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी 'उत्क्रांती की निर्मिती', म्हणजे सजीव हळूहळू बदलत आले की देवानं घडवले, असा जाहीर वाद ठेवलाय आणि उत्क्रांतीच्या बाजूनं तू उभं राहावंस असा त्यांचा आग्रह आहे. नाही म्हटलं तर पळ काढला असं होईल, असं तुला वाटतं. तू माझं मत विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते, त्या मंचावर जाऊ नकोस. विषय मात्र अजिबात सोडू नकोस.

समोरचा माणूस हुशार असेल याची मला काळजी नाही. काळजी आहे ती घड्याळाची. अमेरिकेत ड्युएन गिश नावाचे एक निर्मितिवादी वक्ते होते. स्वतः बर्कलेचे जीवरसायनशास्त्राचे पीएच.डी. आयुष्यभर त्यांनी असे शेकडो वाद केले. जीवाश्म, उष्मागतिकी, पृथ्वीचं वय, डोळ्याची रचना असे दहा-बारा आक्षेप एकापाठोपाठ एक ते मांडत जायचे. त्यातल्या एकाचं नीट उत्तर द्यायला समोरच्याला पाच मिनिटं लागत, आणि तेवढ्यात त्याची वेळ संपे. तांदळाच्या पोत्यात मूठभर खडे टाकायला क्षण पुरतो, ते वेचायला अख्खी दुपार जाते. शाळांत उत्क्रांती शिकवली जावी म्हणून झटणाऱ्या युजेनी स्कॉट यांनी या पद्धतीला 'गिश गॅलप', म्हणजे गिश यांची घोडदौड, असं नावच दिलं. तू कितीही तयारी केलीस तरी बारा आक्षेपांपैकी दहा अनुत्तरितच राहतील, आणि घरी जाताना श्रोत्यांच्या लक्षात तेवढेच दहा राहतील.

४ फेब्रुवारी २०१४ चा विज्ञानप्रसारक बिल नाय आणि निर्मितिवादी केन हॅम यांचा वाद तू पाहिला असशीलच. केंटकीत, हॅम यांच्याच क्रिएशन म्युझियममध्ये झाला होता तो. कशानं तुमचं मत बदलेल, असं दोघांनाही विचारलं गेलं. पुराव्यानं, असं नाय म्हणाले. आपण ख्रिश्चन आहोत, देवाचं वचन खरं नाही हे आपल्याला कोणीही पटवू शकणार नाही, असं हॅम म्हणाले. त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग त्या आधीचे दोन तास कशासाठी होते, हा प्रश्न तू स्वतःला विचार.

हाच वाद योग्य जागी झाला की काय होतं, ते पाहायला तुला लांब जावं लागणार नाही. डोव्हर हे गाव तुझ्याच राज्यात आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या स्कूल बोर्डानं सहा विरुद्ध तीन मतांनी एक ठराव केला. त्यानुसार नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचं होतं. डार्विनचा सिद्धांत ही वस्तुस्थिती नाही, त्यात फटी आहेत, 'इंटेलिजंट डिझाइन' (सजीवांची रचना कुणा बुद्धिमान कर्त्यानं केली, हा दावा) हे त्याहून वेगळं स्पष्टीकरण आहे, आणि कुणाला हवं असल्यास ते मांडणारं 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक उपलब्ध आहे, असा त्याचा आशय. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला लेखी नकार दिला. हे वाचणं म्हणजे जाणूनबुजून आपल्या विषयाचं चुकीचं चित्र मुलांपुढे ठेवणं होईल, असं त्यांनी कळवलं. त्या शिक्षकांबद्दल मला फार आदर आहे. नोकरी गावातली, बोर्डही गावातलंच, रोज एकमेकांची तोंडं पाहायची, तरी ते ठाम राहिले. शेवटी जानेवारी २००५ मध्ये प्रशासनातल्या लोकांनी वर्गात येऊन ते निवेदन वाचलं.

अकरा पालक न्यायालयात गेले. २६ सप्टेंबर २००५ ला हॅरिसबर्गच्या संघीय न्यायालयात सुनावणी सुरू झाली. ज्युरी नव्हती, न्यायाधीश जॉन जोन्स एकटेच ऐकत होते. आणि इथे घड्याळ नव्हतं! साक्षीदार शपथेवर बोलत होता, त्याला मध्येच विषय बदलता येत नव्हता, आणि प्रत्येक दाव्यावर उलटतपासणी होत होती.

लीहाय विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बेही हे बोर्डाच्या बाजूचे सर्वांत वजनदार साक्षीदार. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा टप्प्याटप्प्यानं कशी उत्क्रांत झाली याचं उत्तर वैज्ञानिक साहित्यात नाही, असा त्यांचा दावा होता. मंचावर हे वाक्य टाळ्या घेऊन गेलं असतं. इथे पालकांच्या वकिलांनी त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध, नऊ पुस्तकं आणि पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं त्यांच्यापुढे ठेवली. हे पुरेसं नाही, असं बेही म्हणाले. त्यातलं बरंचसं आपण वाचलेलं नाही, हेही त्यांना मान्य करावं लागलं. विज्ञानाची तुमची व्याख्या धरली तर फलज्योतिषही त्यात बसेल का, या प्रश्नालाही त्यांनी होकार दिला.

त्या 'पांडाज' पुस्तकाचे जुने खर्डेही न्यायालयात आले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळांमध्ये निर्मितिवाद शिकवायला लावणारा लुइझियानाचा कायदा रद्द केला होता. त्या निकालाच्या सुमारास खर्ड्यांतला 'क्रिएशनिस्ट' हा शब्द जागोजाग खोडून तिथे 'डिझाइन प्रपोनंट्स' घातलेला पालकांच्या बाजूच्या साक्षीदार बार्बरा फॉरेस्ट यांनी दाखवून दिला. एके ठिकाणी बदल अर्धवट झाला होता, त्यामुळे जुन्या शब्दाची दोन्ही टोकं तशीच उरून नवा शब्द मध्ये अडकला होता. असा पुरावा शोधायला महिनोन्‌महिने कागद चाळावे लागतात. भाषण कितीही चांगलं असलं तरी त्यातून तो निघत नाही.

२० डिसेंबर २००५ ला १३९ पानांचा निकाल आला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही आणि ते सरकारी शाळेत आणणं म्हणजे धर्माचा पुरस्कार, म्हणून घटनेच्या विरोधात आहे, असं जोन्स यांनी लिहिलं. ते रिपब्लिकन होते, जॉर्ज बुश यांनी नेमलेले. निकालाआधीच, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, उभे राहिलेले बोर्डाचे आठही विद्यमान सदस्य गावानं पाडले होते.

या खटल्यात पालकांच्या बाजूनं पहिली साक्ष झाली ती ब्राउन विद्यापीठाच्या केनेथ मिलर यांची. हे मुद्दाम लिहितेय. मिलर श्रद्धाळू कॅथलिक आहेत. जॉन हॉट तर धर्मशास्त्राचेच प्राध्यापक, तेही याच बाजूनं बोलले. तुझ्या वर्गात रविवारी चर्चला जाणारी मुलं असतील. देव सोड आणि मग डार्विन घे, असा सौदा त्यांच्यापुढे कधीही ठेवू नकोस. तसा सौदा निर्मितिवादी ठेवतात, आपण तो का मान्य करायचा? मिलर यांनी काय केलं ते बघ. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? दोन गुणसूत्रं जोडली गेली असतील, तर आपल्या एखाद्या गुणसूत्राच्या मध्यावर एरवी टोकाला असणारा क्रम, म्हणजे टेलोमिअर, सापडायला हवा, आणि एकाऐवजी दोन सेंट्रोमिअरच्या, म्हणजे गुणसूत्राच्या चिमटलेल्या भागाच्या, खुणाही. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात नेमकं तेच आहे. सापडलं नसतं तर उत्क्रांतीच अडचणीत आली असती. स्वतःला असं पणाला लावणारं विधान मुलांना दाखव. श्रद्धेचा विषय निघतच नाही.

आणि हे सगळं अमेरिकेतलंच, असं समजू नकोस. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचं लिहून ठेवलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याला उत्तर दिलं. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. बारावीला आहे म्हणतात, पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांचं काय? ती बहुसंख्य असतात. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलंच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे, याचा मला फार आधार वाटतो.

तिथल्या महाराष्ट्र मंडळात तुला दुसराच प्रकार भेटेल. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, म्हणजे आपल्याकडे हे आधीच माहीत होतं, असं प्रेमानं सांगतील. ऐकायला गोड वाटतं, पण हा पुरावा नाही. कुठलाही अवतार कोणता जीवाश्म कोणत्या थरात सापडेल हे सांगत नाही. डोव्हरच्या बोर्डाला लावलेली कसोटी आपल्या माणसांनाही लाव, मात्र मोठ्यांचा मान राखून. दशावताराची गोष्ट गोष्ट म्हणून सुंदर आहे, हे मनापासून म्हण.

आपल्या मातीतला पुरावा हवाच असेल तर इंडोहायस या नामशेष प्राण्याची गोष्ट सांग. जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यातलं कालाकोट. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी तिथले खडक गोळा करून ठेवले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं ते हान्स थेविसन या संशोधकांना दिले. खडक साफ करताना एका कवटीचा कानाचा भाग तुटला आणि आतल्या हाडाची जाड भिंत दिसली. तशी जाडी तोवर फक्त देवमाशांच्या कुळातच माहीत होती. मांजराएवढा, चार खुरी पायांचा, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी देवमाशांचा जवळचा नातलग निघाला. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच्या जोडीला पाकिस्तानातला पाकिसेटस हा आद्य देवमासा आणि कच्छमधले देवमाशांचे जीवाश्म ठेव. एक तास सहज पुरेल, आणि मुलं आपणहून प्रश्न विचारतील.

म्हणून संयोजकांना वादाऐवजी हेच सुचव. दोन तासांचा खुला वर्ग, विषय एकच, देवमासा. आक्षेप घेणाऱ्यांनी जरूर यावं, पण एका वेळी एकच आक्षेप, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा नाही. त्यांना हे चालत नसेल तर तसं लेखी कळवू देत. तोवर डोव्हरचं निकालपत्र पूर्ण वाच, आणि बेहींच्या उलटतपासणीची नोंदही. दोन्ही सहज मिळतात. वाचून झालं की फोन कर. देवमाशाच्या तासाची आखणी आपण दोघी मिळून करू. माझ्याकडची जुनी चित्रं स्कॅन करून पाठवते.

तुझ्या बाई