दूर बसलेल्या तबल्याची साथ

प्रश्न : कोरोनाकाळात माझ्या मुलीचे गाण्याचे शिक्षण व्हिडिओ कॉलवर चालू होते. गुरुजी तिच्याबरोबर कधीच गात नसत. आधी स्वतः गाऊन मग तिला गायला सांगत. त्याच सुमारास अनेक कलावंत मात्र आपापल्या घरी बसून एकत्र गाता-वाजवताना पडद्यावर दिसत होते. त्यांना जमले ते आम्हाला का जमले नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : खरे तर त्यांनाही ते जमले नव्हते. आपण पाहिलेल्या त्या चौकटींमधले वादन बहुतेक वेळा एकाच वेळी झालेलेच नसे. तबलावादक आपल्या घरी ठेका ध्वनिमुद्रित करून पाठवत असे, गायक हेडफोनवर तो ऐकत आपले गाणे मुद्रित करीत असे आणि शेवटी कोणीतरी संगणकावर सारे जुळवत असे.

अडचण विलंबाची होती. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे मंचावर दोन मीटरवर बसलेल्या तबल्याचा बोल गायकाला सहा मिलिसेकंदांत ऐकू येतो. हा विलंब पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे गेला की लय सांभाळणे कठीण होऊ लागते आणि व्हिडिओ कॉलवर तो सहज दीडशेपर्यंत जातो. द्रुत तीनतालात मिनिटाला ३०० मात्रा धरल्या, तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची होते. गायकाचा स्वर तबल्यापर्यंत जाऊन त्यावरचा ठेका परत येईपर्यंत दीड मात्रा निघून गेलेली असते. मग दोघेही एकमेकांसाठी थांबू लागतात आणि लय उतरत जाते. जॅकट्रिप, जॅम्युलस यांसारख्या खास प्रणालींनी हा विलंब बराच कमी होतो, पण त्यासाठी तारेने जोडलेले इंटरनेट लागते आणि अंतरही बेताचेच असावे लागते. पुण्यातील गुरू आणि न्यू जर्सीतील शिष्य यांच्यात बारा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाशाला तेवढे कापायलाच साठ मिलिसेकंद लागतात, तिथे कोणतेही सॉफ्टवेअर काय करणार?

आपल्या गुरुजींनी आळीपाळीने गाण्याचा मार्ग निवडला, तो म्हणूनच योग्य होता. शिवाय अशी सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बनवलेली असल्याने तानपुऱ्याचा अखंड नाद त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो गाळून टाकतात. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय सुरू केल्यावर तो पुष्कळसा टिकतो. तरीही तानपुरा विद्यार्थ्याने आपल्याच खोलीत लावलेला बरा.

मला खटकते ती गोष्ट निराळी आहे. ख्यालात तबला गायकाच्या मागे जातो, त्याने लय किंचित वाढवली की ठेकाही वाढतो. आधी मुद्रित केलेल्या ठेक्यावर गाताना मात्र गायकालाच तबल्याच्या मागे जावे लागते. भावगीताला याने फारसे बिघडत नाही. ख्यालाला बिघडते, आणि त्या काळातील कित्येक मुद्रणे सुरेल असूनही बांधल्यासारखी वाटतात, त्याचे कारण मला यातच दिसते.

प्रश्न : वादकांपेक्षा गायकांवर अधिक बंधने का होती? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : गाताना तोंडावाटे बाहेर पडणारे सूक्ष्म कण शांत बोलण्यापेक्षा पुष्कळ अधिक असतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका समूहगान मंडळाची अडीच तासांची तालीम झाली. उपस्थित ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. या घटनेनंतर अनेक देशांत समूहगान थांबले. फुंकवाद्ये वाजवणारेही सुटले नाहीत : अमेरिकेतील अनेक शाळांच्या बँडमध्ये तुतारीसारख्या वाद्यांच्या तोंडावर कापड बांधले गेले आणि वादकांना फट असलेले मास्क मिळाले. बर्लिन फिलहार्मोनिक या जर्मन वाद्यवृंदाने १ मे २०२० रोजी श्रोत्यांविना कार्यक्रम केला, तेव्हा संगीतकार गुस्ताव मालर यांची चौथी सिंफनी मोजक्या वादकांसाठीच्या जुन्या रूपांतरात वाजवली. एरवी मंच भरून टाकणारी ही रचना त्या दिवशी पंधराएक जणांनी, एकमेकांपासून लांब बसून पेलली.