शनी ९५ पट जड, मग वजन ९५ पट का नाही?

प्रश्न : शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट आहे असं एका पुस्तकात वाचलं, आणि त्याच पुस्तकात पुढच्या पानावर तिथलं गुरुत्वाकर्षण जवळजवळ पृथ्वीएवढंच दिलंय. छपाईची चूक आहे की माझ्याच डोक्यात काही शिरत नाहीये?

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत हो. घोळ होतो कारण आपण नुसतं वस्तुमान बघतो आणि त्रिज्येकडे कुणाचं लक्षच जात नाही, आणि खरं सांगायचं तर या हिशेबात जास्त दादागिरी त्रिज्येचीच चालते. नियम एवढाच आहे की वस्तुमान दुप्पट झालं तर ओढ दुप्पट, पण केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की ओढ थेट पावपट, तिप्पट झालं की नववा हिस्सा.

आता शनी घ्या. विषुववृत्तावर त्याची त्रिज्या ६०,२६८ किमी, पृथ्वीची सरासरी ६,३७१, म्हणजे जवळपास साडेनऊ पट. साडेनऊचा वर्ग साधारण ९०. एकीकडून ९५ ने गुणायचं आणि दुसरीकडून ९० ने भागायचं, हातात काय उरतं? एकाहून जरासं जास्त. इथे ६० किलो भरणारा माणूस तिथे ६४ किलोच्या आसपास भरेल, बस. त्यात शनी साडेदहा तासांत स्वतःभोवती गिरकी घेतो, त्यामुळे विषुववृत्तावर ओढ आणखी कमी जाणवते, तो परिणाम धरला तर वजन उलट ५५ वर येतं. (तिथे उभं राहायला जमीन नाही हे आहेच, वायूचा दाब आपल्या समुद्रसपाटीच्या हवेएवढा होतो ती पातळी पृष्ठभाग मानून सगळे आकडे काढतात.)

केंद्रापासूनच का मोजायचं, असा प्रश्न पडला असेल तर तो बरोबरच आहे. पायाखालची माती तर अगदी जवळ आहे, तिने जास्त ओढायला पाहिजे, आणि ती ओढतेच, पण ती आहे केवढीशी! ग्रहाच्या पलीकडच्या बाजूचा प्रचंड ऐवज लांबून हळू ओढतो, बाजूचा तिरका ओढतो, आणि हे सगळं जमेला धरलं की गोल ग्रहासाठी उत्तर असं येतं की जणू सगळं वस्तुमान केंद्रातल्या एका बिंदूत भरलंय. न्यूटननं हे गणितानं सिद्ध करून १६८७ साली छापलं.

प्रश्न : बुध आणि मंगळ दोघांचं गुरुत्वाकर्षण ३.७ च कसं? मंगळ तर मोठा आहे.

उत्तर : ही माझी आवडती जोडी. मंगळाचं वस्तुमान बुधाच्या १.९४ पट. त्रिज्या ३,३९० विरुद्ध २,४४० किमी, म्हणजे १.३९ पट, आणि १.३९ चा वर्ग करून बघा, १.९३! वरचं आणि खालचं एकमेकांना जवळजवळ पुरतं खाऊन टाकतं, म्हणून दोन्हीकडे ३.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. निव्वळ योगायोग आहे, पण त्यामागे एक गोष्ट आहे ती म्हणजे घनता. बुधाच्या पोटात लोखंडाचा गाभा एवढा मोठा आहे की त्रिज्येचा ८० टक्क्यांहून जास्त भाग त्यानेच व्यापलाय, त्यामुळे घनता पाण्याच्या ५.४ पट, मंगळाची ३.९ पट. हाच नियम घनता गुणिले त्रिज्या असाही मांडता येतो, आणि तो डोक्यात ठेवायला मला तरी सोपा वाटतो. शनीची घनता पाण्याहूनही कमी आहे, ०.६९, पृथ्वीच्या साधारण आठवा हिस्सा. मग एवढा अवाढव्य असून तो फार ओढत नाही यात नवल काय?

म्हणूनच दूरच्या ताऱ्याभोवती नवा ग्रह सापडला आणि बातमीत "पृथ्वीपेक्षा दुप्पट मोठा" एवढंच लिहिलं असेल तर गुरुत्वाकर्षणाचा अंदाज बांधायला जाऊ नका. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश किती मंदावतो त्यावरून त्रिज्या कळते, आणि ग्रहामुळे तारा किती डुलतो त्यावरून वस्तुमान. पुष्कळ ग्रहांचं यातलं एकच हाताशी असतं. त्रिज्या दुप्पट आणि घनता पृथ्वीएवढीच असेल तर वजन दुप्पट, पण वस्तुमान पृथ्वीएवढंच असून नुसता फुगलेला असेल तर पाव!

प्रश्न : केंद्राच्या जवळ गेलं की ओढ वाढते, मग खोल खाणीत उतरलं तर वजन वाढत जाईल का? अगदी केंद्रात पोचलो तर?

उत्तर : तो वर्गाचा नियम तुम्ही ग्रहाच्या बाहेर किंवा पृष्ठभागावर असेपर्यंतच तसाच्या तसा चालतो. आत उतरलात की तुमच्या डोक्यावर राहिलेलं जे कवच आहे त्याची ओढ सगळ्या बाजूंनी कापली जाऊन शून्य होते, फक्त तुमच्या खालचा गोळा ओढतो. पृथ्वी सगळीकडे सारख्याच घनतेची असती तर वजन पहिल्या मीटरपासून सरळ घटत गेलं असतं. पण आपली पृथ्वी वर हलकी आणि आत जड, त्यामुळे गंमत अशी की खडकाच्या थरातून उतरताना कवच सोडल्याचा तोटा आणि जड गाभ्याजवळ गेल्याचा फायदा बराच वेळ बरोबरीत राहतात, ओढ १० च्या आसपासच रेंगाळते, आणि सुमारे २,९०० किमी खाली गाभ्याच्या सीमेवर ती १०.७ च्या जवळ जाते, म्हणजे वरच्या ९.८ पेक्षा जास्त. तिथून पुढे मात्र उतरती कळा, आणि केंद्रात शून्य.