ताजमहाल पाहायचा, पण उतरायचे कोणत्या स्टेशनावर?

प्रश्न : येत्या हिवाळ्यात आम्ही पाच जण पुण्याहून आग्र्याला जाणार आहोत आणि तेथून पुढे दिल्लीला. सोबत ७४ वर्षांची आई आहे; गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नाही. तिकीट काढायला बसलो तेव्हा आग्रा कॅन्ट, आग्रा फोर्ट, राजा की मंडी, ईदगाह, आग्रा सिटी आणि टुंडला अशी सहा नावे समोर आली. नकाशात ताजमहालाला जवळचे आग्रा फोर्ट दिसते, परंतु पुण्याहून तेथे जाणारी सोयीची गाडी सापडत नाही. आईचे चालणे वाचावे म्हणून वाटेत गाडी बदलून आग्रा फोर्टलाच उतरावे का?

उत्तर : गाडी बदलू नये, सरळ आग्रा कॅन्टचे तिकीट काढावे. आग्रा फोर्टपासून ताजमहाल सुमारे तीन किलोमीटर आहे आणि कॅन्टपासून सुमारे सहा. ज्या फरकासाठी आपण आईला आणि सामानाला घेऊन एखाद्या अनोळखी जंक्शनचे जिने चढायला निघाला आहात, तो रिक्षाने पाऊण तासाचाही नव्हे, साधारण दहा-पंधरा मिनिटांचा आहे आणि तीही बसून काढायची आहेत.

आईला चालावे लागणार आहे ते वेगळ्याच ठिकाणी, आणि कोणत्याही स्टेशनावर उतरलात तरी ते टळत नाही. संगमरवराला धुराचा उपद्रव होऊ नये म्हणून ताजमहालाभोवतीच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात पेट्रोल-डिझेलची वाहने नेऊ देत नाहीत. पूर्व दरवाजाकडे जाणारी वाहने शिल्पग्रामापाशी थांबतात व तेथून पुढे बॅटरीवरच्या गाड्या मिळतात. त्या गाडीतच आईला बसवावे. आत गेल्यावर मात्र मोठ्या प्रवेशद्वारापासून मुख्य इमारतीपर्यंत सुमारे ३०० मीटर लांबीची बाग आहे आणि शेवटी चौथऱ्याच्या पायऱ्या आहेत. त्यामुळे स्टेशनाची चिंता सोडून चाकांच्या खुर्चीची चौकशी आधी करावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

एका शहरात इतकी स्टेशने का, हे एकदा ध्यानात आले की निवड आपोआप होते. दिल्ली–झाशी–भोपाळ हा मार्ग कॅन्ट आणि राजा की मंडी या स्टेशनांवरून जातो, आणि पुण्याहून निघणारी झेलम एक्सप्रेस किंवा पुण्यावरून जाणारी गोवा एक्सप्रेस याच मार्गाच्या गाड्या आहेत. राजस्थानकडून येणारा मार्ग ईदगाह, आग्रा फोर्ट असा शहरातून जाऊन यमुना ओलांडतो आणि टुंडल्याला मिळतो, म्हणून जयपूर-जोधपूरकडून येणाऱ्याला आग्रा फोर्ट सोयीचे पडते. टुंडला हे आग्र्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचे स्टेशन दिल्ली–कानपूर मार्गावर असल्यामुळे ते कानपूर-प्रयागराजकडच्या प्रवाशांच्या कामाचे आहे. आग्रा सिटी या नावाला तर मुळीच भुलू नये, कारण नाव शहराचे असले तरी तेथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत.

कॅन्टच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. जयपूरहून येऊन मी एकदा आग्रा फोर्टला उतरलो, सामान तेथील क्लोकरूममध्ये ठेवले, आणि परतीची गाडी कॅन्टवरून आहे हे ताजमहालाच्या बागेत बसल्यावर आठवले. पुढचा सगळा वेळ घड्याळाकडे पाहण्यात गेला. आपण कॅन्टला उतरून कॅन्टवरूनच दिल्लीची गाडी धरलीत तर ही धावपळ होणार नाही. क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचे तिकीटही दाखवावे लागते, तेव्हा लहान कुलपे सोबत असू द्यावीत. मोठ्या बॅगा ताजमहालात नेता येत नाहीत, हे वेगळे सांगायला नकोच.

वार पाहूनच आरक्षण करावे. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. २०१६ मध्ये दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्टेशनावरून आग्रा कॅन्टपर्यंत सुरू झालेली आणि पुढे झाशीपर्यंत वाढवलेली गतिमान एक्सप्रेससुद्धा शुक्रवारी धावत नाही. प्रवेश सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच असल्याने आपली गाडी दिवस कलताना पोचणार असेल, तर त्या रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जाणेच बरे. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटेचा हट्ट धरू नये. त्या दिवसांत उत्तरेकडे धुके इतके दाट असते की गाड्या तासन्‌तास रखडतात आणि समोर उभे राहूनही घुमट दिसत नाही.

प्रश्न : आम्ही मुंबईचे. कोटा मार्गाने जाणाऱ्या गाडीचे आरक्षण सहज मिळते आहे, पण ती आग्र्याला न जाता मथुरेला थांबते. चालेल का?

उत्तर : मथुरा-वृंदावन पाहायचे असेल तर उत्तम. केवळ ताजमहालासाठी मात्र मथुरेहून पुन्हा पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता करावा लागेल, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून भोपाळमार्गे जाणाऱ्या पंजाब मेलमध्ये जागा आहे का ते आधी पाहावे. ती कॅन्टला थांबते. वांद्रे टर्मिनसवरून सुटणारी अवध एक्सप्रेस कोट्यावरून थेट आग्रा फोर्टला जाते, पण ती संथ आहे.

प्रश्न : आमच्या मुलांना शिवरायांच्या आग्रा भेटीमुळे ताजमहालापेक्षा किल्ल्याचीच ओढ अधिक आहे. मग तरी आग्रा फोर्ट स्टेशन योग्य ना?

उत्तर : स्टेशन किल्ल्याला अगदी लागून आहे, हे खरे. परंतु ते किल्ल्याच्या दिल्ली दरवाजाच्या बाजूला आहे, आणि तो दरवाजा पर्यटकांसाठी उघडा नाही, कारण किल्ल्याचा बराच भाग आजही लष्कराच्या ताब्यात आहे. प्रवेश दक्षिणेकडच्या अमरसिंह दरवाजाने मिळतो. म्हणून स्टेशनाबाहेर पडताच समोरच्या तटाकडे चालत सुटू नये; रिक्षावाल्याला ‘किल्ला’ असे मोघम न सांगता ‘अमरसिंह गेट’ असे सांगावे. महाराजांचा अश्वारूढ पुतळाही त्याच दरवाजासमोर आहे, आणि १६६६ च्या दरबाराची गोष्ट मुलांना सांगायची असेल तर आत जाण्याआधी तेथेच सांगितलेली बरी, कारण आत गेल्यावर मुले माकडांच्या मागे लागतात.