पोटात बँड, डोक्यात प्रश्न

वजन उतरवण्यासाठी पोटात गॅस्ट्रिक बँड बसवलेल्या मंडळींचे प्रश्न बरेच साठलेत, आज त्यातले काही घेते. मी आहारतज्ज्ञ आहे, सर्जन नाही, पण बँडच्या फॉलोअप ओपीडीत इतकी वर्षं बसलेय की पेशंट दारातून आत येताना कसा चालतोय त्यावरून बँड घट्ट झालाय का ढिला याचा अंदाज येतो (कधीकधी चुकतोही).

ऑपरेशनला 24 दिवस झाले. पहिले दोन आठवडे लिक्विडवर मस्त गेले, भूकच नव्हती, 5 किलो उतरलं. आता मऊ खाणं सुरू केलंय आणि पूर्वीसारखी कडकडून भूक लागतेय. बँड सटकला का? की ऑपरेशनच फेल गेलं?

नाही हो, काही फेल वगैरे गेलेलं नाही. तुमचा बँड सध्या जवळपास रिकामा आहे, म्हणून भूक लागतेय, एवढंच. बँड म्हणजे जठराच्या वरच्या भागाभोवती बसवलेली सिलिकॉनची रिंग, तिच्या आतल्या बाजूला फुग्यासारखी पोकळी असते आणि ती एका बारीक नळीने कातडीखालच्या पोर्टला (सुई टोचायच्या छोट्या डबीला) जोडलेली असते. ऑपरेशनच्या वेळी त्यात बहुधा काहीच भरत नाहीत किंवा अगदी थोडं भरतात, कारण आधी सूज उतरायला हवी, बँड जागेवर घट्ट बसायला हवा. पहिल्या दोन आठवड्यांत भूक नव्हती ती त्या सुजेमुळे, बँडची कमाल नव्हती ती.

पहिलं फिल, म्हणजे बँडमध्ये सलाईन भरणं, साधारण चार ते सहा आठवड्यांनी होतं. घाबरण्यासारखं काही नसतं त्यात. तुम्हाला आडवं झोपवतात, मान किंवा पाय थोडे उचलायला सांगतात म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतात आणि पोर्ट बोटाला नीट लागतो, मग एका खास सुईने थोडं सलाईन आत सोडतात, बऱ्याचदा अर्धा-एक मिली. मग उठवून बसवतात आणि समोर ग्लासभर पाणी घोट घोट प्यायला लावतात. पाणी सरळ खाली गेलं तर घरी, नाही गेलं तर थोडं सलाईन तिथेच परत काढतात. अशी दोन-चार-पाच फिल झाल्यावर कुठे बँड नीट लागतो. तोपर्यंतचं तुमचं काम वजन उतरवणं नाहीये, ऑपरेशन भरून येऊ देणं आहे. भूक लागली म्हणून लिक्विड-मऊ-घट्ट हा क्रम मोडून एकदम घट्ट खाऊ नका, उलटी झाली तर बँड सरकतो तो याच दिवसांत.

नवऱ्याला बँड बसवून पाच महिने झाले. जेवायला बसलो की तिसऱ्या-चौथ्या घासाला चेहरा पडतो, छातीवर हात ठेवतो आणि उठून बाथरूमात जातो. तोंडातून नुसती फेसाळ लाळ येते, उलटी म्हणावी तर आंबट वास नसतो. आता तो आमच्याबरोबर जेवायलाच बसत नाही. मी काही चुकीचं बनवतेय का?

तुम्ही चुकीचं काही बनवत नाही आहात, हे आधी डोक्यातून काढा. त्याला घास अडकतोय. आंबट वास नाही हे तुम्ही अगदी बरोबर टिपलंत, कारण ते अन्न जठरातल्या ॲसिडपर्यंत पोचलेलंच नसतं, बँडच्या वरच थांबतं आणि ते ढकलायला शरीर लाळ सोडत राहतं, मग ती सगळी वर येते.

लोकांना वाटतं बँडच्या वर एक छोटी पिशवी आहे, ती भरली की पोट भरलं. तसं नाहीये. घास नीट बारीक असेल तर अन्ननलिका दोन ते सहा वेळा आकुंचन पावून तो बँडमधून खाली ढकलते, याला एक मिनिटापर्यंत वेळ लागतो, आणि प्रत्येक घास जाताना तिथल्या नसांवर जो दाब येतो त्यातून मेंदूला "पुरे आता" असा निरोप जातो. आता तुमच्या नवऱ्याने पहिला घास गिळून दहा सेकंदांत दुसरा टाकला, त्यावर तिसरा, की वाहतूक तुंबली. आणि घोळ बहुतेक पहिल्या दोन घासांतच होतो, कारण माणूस भुकेलेला असतो. सकाळपासून काही न खाता दुपारी ताटावर बसणारे हमखास अडकतात.

घास करंगळीच्या नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावलेला, आणि गिळल्यावर चमचा खरंच खाली ठेवायचा, हातात धरून वाट बघायची नाही. (हातात असला की तो आपोआप तोंडाकडे जातो, माझाही जातो.) वीस-पंचवीस मिनिटांत जेवण संपवायचं, ताटात उरलं तर उरलं. कोरडं चिकन, पुन्हा गरम केलेलं मांस, ताजा मऊ ब्रेड जो चावून पिठाचा गोळा होतो, चिकट भात, रेषावाल्या भाज्या, हे नेहमीचे गुन्हेगार. मासे, अंडी, रसात शिजवलेलं मऊ मांस सहसा बरं जातं. बऱ्याच जणांचा बँड सकाळी जास्त घट्ट वाटतो, त्यांनी सकाळी दही किंवा सूप घ्यावं.

अडकलाच तर खाणं तिथेच थांबवायचं आणि वरून पाणी अजिबात प्यायचं नाही. सगळे तेच करतात आणि ते पाणी अडकलेल्या घासावर साठून दुखणं दुप्पट होतं. उभं राहायचं, जरा चालायचं, थांबायचं. सुटला की उरलेला दिवस लिक्विडवर, कारण तिथे सूज आलेली असते आणि त्यावर पुन्हा घट्ट खाल्लं की पुन्हा अडकतं. काही तासांत सुटलाच नाही, लाळसुद्धा गिळता येईना, तर थेट हॉस्पिटल.

हे सगळं करूनही आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल तर बँड जास्त घट्ट आहे, थोडं सलाईन काढून घ्यायला लावा, उलट्या सुरू ठेवून वजन उतरवायचं हा प्रकार नको. आठवडे-आठवडे उलट्या होत राहिल्या तर बी-1 जीवनसत्त्व संपतं आणि मग हातापायाला मुंग्या, तोल जाणं, दुहेरी दिसणं असलं काहीबाही सुरू होतं, ते गंभीर असतं.

आणि त्याला टेबलावर परत आणा. पण तो घास कसा चावतोय हे चौघांनी मिळून बघत बसू नका, त्यापेक्षा गप्पा मारा.

118 वरून 101 वर आलो, आठ महिने झाले. पण गेले दोन महिने काटा हलत नाही. खातो तर अगदी थोडं, मोजून अर्धी वाटी. डॉक्टर म्हणतात बँड ठीक आहे, मला वाटतं अजून एक फिल हवं. मॅडम तुम्ही सांगा. (दिवसभरात: सकाळी कॉफी, दुपारी अर्धी वाटी सूप, संध्याकाळी बिस्किटं, रात्री आईस्क्रीम कारण दुसरं काही खाली जात नाही.)

कंसातलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि सगळं उत्तर तिथेच आहे!

आधी हिशोब. आठ महिने म्हणजे साधारण 34 आठवडे, 17 किलो, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. बँडवर आठवड्याला अर्धा ते एक किलो हीच अपेक्षा असते, तेव्हा तुम्ही फेल नाही आहात. समजा तुमचं ठीक वजन 70 धरलं तर जास्तीचे होते 48 किलो, बँडवर सरासरी माणसाचं दोनेक वर्षांत त्यातलं चाळीस ते पन्नास टक्के उतरतं, म्हणजे 19 ते 24 किलो. तुम्ही 17 वर आहात. बायपासवाल्या (हृदयाचा नव्हे, जठर छोटं करून पुढच्या आतड्याला जोडतात तो) मित्राशी तुलना करत असाल तर ती सोडा, ते ऑपरेशनच वेगळं.

आता बाकीचं. "दुसरं काही खाली जात नाही" म्हणजे तुमचा बँड आधीच गरजेपेक्षा घट्ट आहे, आणि तुम्ही तो अजून आवळायला मागताय. घट्ट बँडवर माणूस काय करतो? अंडं अडकतं, चिकन अडकतं, पण आईस्क्रीम सरसर जातं, मिल्कशेक जातो, चॉकलेट वितळून जातं, बिस्किटाचा भुगा होऊन जातो. बँडला कॅलरी मोजता येत नाहीत हो, त्याला फक्त घट्ट आणि पातळ एवढंच कळतं. म्हणून अजून आवळला की अजून आईस्क्रीम, हे चक्र मी इतक्या वेळा बघितलंय की आता पेशंटने फिल मागितलं की मी आधी फ्रीजरमध्ये काय आहे ते विचारते. सूपचंही तेच, पटकन खाली उतरतं आणि दोन तासांत पुन्हा भूक.

माझं मत विचाराल तर डॉक्टरांना ही खाण्याची यादी जशीच्या तशी दाखवा (मला लिहिलीत, त्यांना सांगितली नाही असं दिसतंय) आणि थोडं सलाईन काढता येईल का ते विचारा. ऐकायला उलटं वाटतं, पण बँड सैल करून वजन उतरायला लागलेले लोक मी बघितलेत, कारण ते खरं जेवण जेवायला लागले. रोज 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन, आणि ताटात आधी तेच खायचं. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. सोडा, फसफसणारी पेयं बंद.

केस मुठीने गळतायत, चौथा महिना आहे. टक्कल पडेल का?

पडणार नाही. पटापट वजन उतरलं आणि शरीराला धक्का बसला की तीन-चार महिन्यांनी केस गळतात आणि पुढे काही महिन्यांनी परत येतात. प्रोटीन पोटात जातंय का बघा, आणि लोह, बी-12, डी यांची रक्ततपासणी करून घ्या. महागडी तेलं घेऊ नका.

गोळ्या गिळता येत नाहीत, कुटून घेतल्या तर चालतं का?

काही चालतात, काही अजिबात नाही. हळूहळू औषध सोडणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. तेव्हा प्रत्येक गोळीचं नाव फार्मासिस्टला दाखवून विचारा, पातळ औषध मिळत असेल तर ते घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, जठराच्या अस्तराला त्या बाधतात. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरेल तसे डोस कमी करायला लागतात, जुनाच डोस चालू ठेवून चक्कर येऊन पडलेले लोक आहेत.

रात्री आडवी झाले की खोकला येतो, घशाशी येतं, तीन उशा घेऊन झोपते. फॅमिली डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी आणि खोकल्याचं औषध दिलंय. दोन आठवडे झाले. बँड तीन वर्षं जुना आहे.

हे पत्र वाचून मी सगळं बाजूला ठेवलं. ताई, खोकल्याचं औषध पुरे, बँडवाल्या डॉक्टरांना आजच फोन करा. बँड असलेल्या माणसाचा रात्रीचा खोकला म्हणजे बँड फार घट्ट आहे किंवा जठर बँडमधून वर सरकलंय, असंच धरून चालायचं, दुसरं काही निघालं तर उत्तमच. सलाईन काढतात, बऱ्याचदा सगळंच, आणि बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं द्रावण) पाजून एक्स-रे घेतात, त्यात कळतं. नुसता घट्ट असेल तर सलाईन काढलं की अनेकदा त्याच रात्री झोप लागते. सरकला असेल तर पुढचं सर्जन ठरवतील. मध्येच पोटात जोराची कळ आली किंवा पाणीसुद्धा खाली जाईना झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तडक कॅज्युअल्टी.

वय 34. ऑपरेशनला सात महिने झाले, 19 किलो कमी. पाळी अनियमित होती म्हणून काळजी घेतली नाही आणि टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. डॉक्टरांनी दीड वर्ष थांबायला सांगितलं होतं. फार टेन्शन आलंय.

अभिनंदन करू का आधी? वजन उतरलं की पाळी मार्गावर येते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, हे ऑपरेशनआधी सांगतात पण त्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहतं. वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात ते वजन उतरत असताना बाळाला पोषण कमी पडू नये म्हणून. पण राहिलंय तर राहिलंय, बँड असताना छान बाळंत झालेल्या खूप बायका आहेत. बँडची एक गोष्ट इथे उपयोगाची आहे, तो सैल करता येतो. उलट्या जास्त होत असतील किंवा जेवण जात नसेल तर सलाईन काढायचं, बाळंतपणानंतर परत भरायचं. बँडच्या डॉक्टरांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना, दोघांनाही या आठवड्यातच कळवा. फॉलिक ॲसिड, लोह, बी-12, डी बघून घ्या, आणि सध्याची मल्टिव्हिटॅमिन गोळी दाखवा, त्यात व्हिटॅमिन ए रेटिनॉलच्या रूपात असेल तर बदलून देतील. नऊ महिने वजन उतरवण्याचा विषय बंद.

माझा बँड बारा वर्षांचा आहे. 30 किलो गेले ते गेले, परत आले नाहीत, त्रास काही नाही. पण हल्ली सगळे स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढायचं ऑपरेशन) करतात, बँड जुना झाला म्हणतात. काढून टाकू का?

त्रास नाही तर का काढता? फॅशन बदलली हे खरंय. 1993 मध्ये बेल्जियममध्ये दुर्बिणीतून पहिला ॲडजस्टेबल बँड बसवला, 2001 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, मग दहाएक वर्षं त्याचीच चलती होती, आणि नंतर स्लीव्ह आला तसा बँड मागे पडला. त्याला कारणंही आहेत, बऱ्याच जणांचा बँड पुढे काढावा लागतो किंवा दुरुस्त करावा लागतो, आणि फिलसाठी हेलपाटे मारायला लोक कंटाळतात. पण तुमचा चाललाय. नुसता काढला तर भूक परत येते आणि वजनही बहुतेकांचं परत येतं. स्लीव्ह-बायपासमध्ये बदलायचा तर ते मोठं ऑपरेशन, ते अनेकदा दोन टप्प्यांत, मध्ये काही महिने सोडून करतात.

मी तुम्हाला उलट विचारते, शेवटचा फॉलोअप कधी केलात? त्रास नाही म्हणून पाच-सहा वर्षं फिरकलाच नसाल असा मला दाट संशय आहे. जुना बँड कधीकधी हळूहळू जठराच्या आत शिरतो आणि दुखत काहीच नाही, फक्त अचानक भूक वाढते किंवा इतक्या वर्षांनी पोर्टच्या जागी लाली आणि पू येतो. अन्ननलिकाही रुंदावत जाते, तेही कळत नाही. म्हणून एकदा बेरियमचा एक्स-रे करून घ्या, रक्त तपासा, आणि येताना ऑपरेशनचा कागद शोधून आणा ज्यावर बँडचा साइज आणि त्यात किती मिली मावतं ते लिहिलेलं असतं, बारा वर्षांनी तो कुणाकडेच सापडत नाही आणि मग सुई हातात घेऊन सगळे अंदाज बांधत बसतात.